एक कोयता उत्तरेकडे निघतो

बीड जिल्ह्यात "एक कोयता" म्हटले म्हणजे एक हत्यार असा अर्थ होत नाही. एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. मुकादमाच्या वहीत माणसे मोजीत नाहीत, कोयते मोजतात. वीस माणसांची टोळी असेल तर ती दहा कोयत्यांची टोळी. बायको आजारी पडून घरी राहिली आणि पुरुष एकटा गेला, किंवा विधवा बाई एकटीच गेली, तर तो "अर्धा कोयता". विवाहसंस्थेवर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांपैकी जे आमच्या हाती आले त्यांत जोडप्याला इतका धारदार शब्द आम्हांस आढळला नाही.

या कोयत्याच्या प्रवासाविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. वसंत व्याख्यानमालेत प्रवासाचा विषय नवा नाही. कोणी सपत्नीक काश्मीर पाहून येतात, कोणी मोटारीने कुलू-मनालीची वाट चढून येतात आणि तेथील कडे, दऱ्या, बर्फ यांचे वर्णन करतात. ते ऐकायला आम्हांलाही आवडते. पण आपल्याच जिल्ह्यातून दरसाल काही लाख माणसे जोडीजोडीने रस्त्याला लागतात, घाट उतरतात, नद्या ओलांडतात, पाचसहा महिने परक्या गावच्या शिवारात काढतात आणि पुन्हा आपल्या गावी येतात. त्या प्रवासावर कोणी व्याख्यान दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आपली व्याख्यानमाला चैत्र-वैशाखात भरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ही जोडपी परतीच्या वाटेवर असतात. सभागृहाबाहेरच्या रस्त्याने ट्रॅक्टर धडधडत गेला की वक्ता क्षणभर थांबतो, श्रोते मागे वळून पाहतात. तो ट्रॅक्टर पुष्कळदा यांचाच असतो.

बीडचे कोयते एकाच दिशेला जातात असे नाही. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूंना जाणारे पुष्कळ. कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडे जाणारेही थोडे नव्हेत. आम्ही मात्र येथे उत्तरेकडची वाट घेणार आहोत. पाटोदा तालुक्यातून निघून अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरेच्या काठी जाणारी वाट. ती घेण्याचे एक कारण असे की ती जुन्या वाटांपैकी एक आहे. दुसरे कारण असे की माणसे का जातात हे त्या वाटेवरची जमीनच सांगून टाकते. आम्हांला फार बोलावे लागत नाही.

सह्याद्रीतला हरिश्चंद्रगड आपणांपैकी काहींनी पाहिला असेल. तो अकोले तालुक्याच्या सरहद्दीवर उभा आहे. तेथून एक डोंगररांग आग्नेयेला निघते. नगर जिल्हा ओलांडून ती बीड जिल्ह्यात शिरते आणि पुढे धाराशिव-लातूरकडे उतरत जाते. भूगोलाची पुस्तके तिला हरिश्चंद्र-बालाघाट म्हणतात. आपण नुसते बालाघाट म्हणतो. या रांगेच्या उत्तरेला पडलेले पाणी गोदावरीला जाते, दक्षिणेला पडलेले भीमेला. पाटोदा तालुका या पाणलोटाच्या ऐन माथ्यावर बसला आहे. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेप घेते. पावसाळ्यात तो धबधबा पाहायला मोटारी भरभरून माणसे येतात. ते पाणी सीनेवाटे भीमेला मिळते. याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी सिंदफणा मात्र उलट्या अंगाने शिरूर कासारावरून माजलगावकडे आणि तेथून गोदावरीला जाते. म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाते. माथ्यावर राहतो तो मुरूम.

आता गंमत पाहावी. डोंगर एकच, पण त्याच्या पश्चिम टोकाला रतनगड, घाटघर, भंडारदरा या भागात पाऊस मुसळासारखा कोसळतो, आणि पूर्वेकडच्या अंगाला ढग येईपर्यंत रिकामे झालेले असतात. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरातला. पश्चिम टोकाला त्याच्या कितीतरी पट. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. इंग्रजांच्या अमदानीत तिच्यावर भंडारदऱ्याचे धरण बांधले गेले. ते १९२६ साली पुरे झाले. संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यातून प्रवरेचे कालवे निघाले. ज्या मुलखात दुष्काळ पडला की माणसे खडी फोडायला जात, तेथे बारमाही पाणी खेळू लागले, आणि पाण्यामागून ऊस आला. आधी हरिगावच्या बेलापूर कंपनीसारखे खाजगी कारखाने झाले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. मग कारखान्यामागून कारखाना.

एक हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. ते पाणी डोंगराच्या ओल्या टोकाला आहे. हात डोंगराच्या कोरड्या टोकाला आहेत. कोयत्याच्या प्रवासाचे मूळ एवढेच आहे. नशीब, आळस, व्यसन, शिक्षणाचा अभाव अशी जी कारणे शहरातली माणसे आम्हांला ऐकवतात, ती सगळी यानंतरची.

येथे कोणी विचारील की, त्या भागात मजूर नव्हते काय? होते आणि आहेत. पण ऊस हे चमत्कारिक पीक आहे. तोडल्यापासून जसजसा वेळ जातो तसतसे त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा पडतो. कारखाना एकदा पेटला की रात्रंदिवस चालतो. त्याच्या तोंडात सतत ऊस पडत राहिला पाहिजे. पहाटे तीनला गाडी फडात उभी राहिली तर पहाटे तीनला माणूस उठला पाहिजे. गावातला मजूर संध्याकाळी आपल्या घरी जातो, सणाला सुट्टी घेतो, स्वतःच्या ज्वारीच्या काढणीला दांडी मारतो. बाहेरून आणलेला आणि फडाशेजारीच कोपीत ठेवलेला मजूर कोठे जाणार? त्याचे घर दीडदोनशे किलोमीटर दूर आहे आणि अंगावर उचल आहे. अंतर हे कारखानदारीच्या सोयीचे आहे. हा प्रवास टाळता येण्याजोगी अडचण नसून धंद्याचा एक भागच आहे, हे आपण ध्यानात घ्यावे; पुढे याच मुद्द्याला आम्ही येणार आहोत.

आणि जोडपेच का? एकटा माणूस ऊस तोडू शकतो. पण तोडलेला ऊस साळायचा, वाढे वेगळे करायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढवायची, ही कामे तोडणाऱ्याच्या मागोमाग चालली पाहिजेत. दोन अनोळखी माणसांत यावरून रोज तंटा होईल. नवरा-बायकोत होत नाही. निदान त्याचा हिशेब मागितला जात नाही. मजुरी टनावर आणि तीही कोयत्याला मिळून. त्यातली बाईची किती हे कोणी विचारीत नाही. जोडीशिवाय पुरी उचल मिळत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरांची लग्ने उरकली जातात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शंभरातल्या चाळिसांहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, ती काही केवळ रूढीच्या प्रेमामुळे नव्हे.

असो. आपण वाटेला लागू.

दसरा झाला की गावे हलू लागतात. सामान फार नसते, पण संसार सगळा असतो. बाजरीची दोन पोती, पत्र्याची पेटी, हंडा-कळशी, तवा, गोधड्या, ताडपत्री, कोपीचे बांबू, एखादी शेळी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि दोन कोयते. शाळेत जाणारे पोर म्हाताऱ्यांपाशी ठेवायचे की बरोबर न्यायचे याचा निकाल बहुधा शेवटच्या रात्री लागतो. अंगावरचे पोर बरोबरच जाते. मागे राहतात त्या पोरांची वसतिगृहे, शाळा हा स्वतंत्र विषय आहे, त्यात आम्ही आज शिरत नाही.

पाटोद्याहून उत्तरेला रायमोहावरून जाणारा हा रस्ता वारकऱ्यांच्या ओळखीचा आहे. पैठणहून निघालेली नाथांची पालखी लाडजळगाव, रायमोह, पाटोदा, खर्डा अशी आषाढात दक्षिणेला पंढरपुराकडे जाते. त्याच वाटेने कार्तिकाच्या सुमारास कोयता उलट, उत्तरेला जातो. पालखीच्या वेळी डोंगर नुकताच हिरवा होऊ लागलेला असतो, गावोगाव पाणी घेऊन माणसे उभी असतात. कोयत्याच्या वेळी गवत पिवळे पडलेले असते. डोंगराचे माथे सपाट, कापून काढल्यासारखे. काळ्या खडकाचे थर एकावर एक पायऱ्यांसारखे चढलेले. मधूनमधून बोरीबाभळी आणि सीताफळीची झुडपे. घाट उतरताना उत्तरेकडे गोदावरीचे खोरे एकदम उघडे पडते. दिवसा हवा स्वच्छ असेल तर तो देखावा कोणत्याही हिमालयवीराने थांबून पाहावा असा आहे. खाली शेवगावची काळी सपाट जमीन. कुकाण्याकडून भेंड्याकडे जाऊ लागले की दोन्ही बाजूंना उसाच्या भिंती उभ्या राहतात आणि पहिले कारखान्याचे धुराडे दिसते. मुळा धरणाचा उजवा कालवा या बाजूला येतो. पुढे नेवासे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात तो खांब येथे प्रवरेच्या काठी आहे. तेथून श्रीरामपूर, बाभळेश्वर, लोणी. पश्चिमेला फार दूर, कडाक्याच्या थंडीतल्या एखाद्या निवळ सकाळी, सह्याद्रीची निळी रेघ दिसते. तिच्यातच कुठे कळसूबाईचे १,६४६ मीटरचे शिखर आहे.

हे सगळे आम्ही लिहिले खरे, पण ट्रॉलीत बसलेल्या जोडप्याने यातले फारच थोडे पाहिलेले असते. प्रवास बहुधा रात्रीचा असतो. वर ताडपत्री, खाली पोती, पाठ वाहनाच्या दिशेला. शिवाय घाटात बाई देखावा पाहत नाही; एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने पेटी धरून बसते.

आमच्या वडीलमाणसांनी ही वाट बैलगाडीने केलेली आहे. गाड्यांची रांग निघे. दिवसाला पाचसहा कोस मजल. उन्हाच्या वेळी झाडाखाली गाड्या सोडायच्या, बैलांना वैरण, माणसांना भाकरी, रात्री एखाद्या ओढ्याकाठी मुक्काम. पाटोद्याहून प्रवरेकाठी पोहोचायला आठवडा-दहा दिवस सहज लागत. १९७२ च्या दुष्काळाने या रांगा लांबविल्या. जे घर तोवर डोंगरावर कसेबसे तग धरून होते तेही तेव्हा गाडीला लागले. त्या प्रवासात हाल होते, बैल मरत, पोरे आजारी पडत. जुन्या काळाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण एक गोष्ट खरी. गाडी जोडप्याची होती. कोठे थांबायचे हे तेच ठरवीत. बाईला कळा सुरू झाल्या तर गाडी सोडून, आडोसा करून रांग थांबत असे.

आज तेच अंतर एका रात्रीत कापले जाते. अजूनही बैलगाडीवाले आहेत, पण त्यांचे बैलसुद्धा ट्रकमधून जातात. वाहन वाहतूकदाराचे असते. त्याने ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असतो, हप्ते थकलेले असतात, आणि एका फेरीत जितके कोयते नेता येतील तितके त्याला न्यायचे असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असलाच तर नशीब. सामान खाली, माणसे सामानावर. उतारावर मागची ट्रॉली पुढचीला ढकलते. चालकाने घाबरून ब्रेक दाबला की ती आडवी होते. दरवर्षी दसऱ्यानंतर आणि पाडव्याच्या सुमारास वर्तमानपत्रात चार ओळींच्या बातम्या येतात. त्यांतले बहुतेक अपघात असेच झालेले असतात. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो.

अपघात झाला म्हणजे कायदा समोर येतो. आम्ही कायदा कॉलेजात शिकलो नाही. खटल्यांच्या कामात रात्री बसून वाचत गेलो. जे समजले ते सांगतो. ट्रक आणि ट्रॉली ही मालवाहू वाहने. मालवाहू वाहनाच्या विम्यात आत बसलेली माणसे सहसा धरली जात नाहीत. १९९४ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या छत्राखाली आला. तेव्हापासून आमच्या बाजूच्या वकिलांना एक विलक्षण युक्तिवाद करावा लागतो. मेलेली बाई प्रवासी नव्हती. ती दोन पोती बाजरी, एक हंडा आणि तीन कोंबड्या या मालाची मालकीण होती आणि आपल्या मालासोबत चालली होती! कधी हा मुद्दा टिकतो, कधी टिकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे ती वाहनमालकाची कामगार होती असे सिद्ध करणे. पण तेथे मोठाच गोंधळ. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी पैसे दिले मुकादमाला. मुकादम म्हणतो, मीही त्यांच्यातलाच, काल मीच कोयता मारीत होतो. आणि मुकादमाचा कागद झाला आहे नवऱ्याशी. बाईचे नाव त्यात नाही. ती "एक कोयता" या शब्दातला निम्मा भाग आहे, पण नावाने ती कोठेच नाही.

मग प्रवासाबद्दल कायद्यात काहीच नाही काय? आहे, आणि चांगले आहे. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात असे लिहिले होते की, ठेकेदाराने कामगाराला घरापासून कामाच्या जागेपर्यंत जाण्यायेण्याच्या भाड्याइतका तरी प्रवासभत्ता द्यावा, आणि प्रवासाच्या काळात तो कामावरच आहे असे धरून त्याला मजुरी द्यावी. प्रवास हे काम आहे, ही गोष्ट आमच्या संघटनेने शोधून काढलेली नाही. संसदेने ती मान्य केली होती. त्या कायद्याची जागा पुढे २०२० च्या संहितेने घेतली. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि तिच्यातही एकरकमी प्रवासभत्त्याची तरतूद आहे. पण जुन्या कायद्यात काय नि नव्या संहितेत काय, शब्द एकच: आंतरराज्य.

म्हणजे असे पाहा. पाटोद्याच्या एका घरातले दोन भाऊ. थोरला आपल्या बायकोसह कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यावर गेला, धाकटा आपल्या बायकोसह तेथून पुढे सरहद्दीपलीकडे बेळगाव जिल्ह्यात गेला. ऊस एकच, कोयता एकच, अंतरात दोनचार तासांचा फरक. धाकटा कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित. थोरला नुसताच बाहेरगावी गेलेला. आणि आमचा उत्तरेकडचा कोयता तर डोंगर उतरतो, खोरे बदलतो, सिंदफणा, गोदावरी, प्रवरा यांचा मुलूख तुडवतो, पण राज्याची सरहद्द ओलांडत नाही. म्हणून कायद्याच्या नजरेने तो घरातून निघालेलाच नसतो. धाकट्याला तरी भत्ता मिळतो काय, असे कोणी विचारील. आमच्या इतक्या वर्षांच्या कामात तो हातावर पडलेला आम्ही पाहिला नाही. पण मागण्यासाठी निदान कलम तरी आहे.

आमचे म्हणणे साधे आहे. घर सोडल्यापासून कोपी उभी होईपर्यंतचे दिवस हे कामाचे दिवस धरावेत, परतीचेही तसेच. माणसे माणसांच्या गाडीतून न्यावीत, सामान मागून आले तरी चालेल. एस. टी. महामंडळाच्या गाड्या यात्रेला, निवडणुकीला, लग्नाला कराराने मिळतात. मग गाळपाच्या सुरुवातीला का मिळू नयेत? आणि कागदावर दोन नावे असावीत.

यावर आम्हांला जे उत्तर मिळते ते आम्ही लपवीत नाही. म्हणतात, इतके केले तर साखर महाग पडेल. शिवाय हे लोक उचल स्वखुशीने घेतात. पहिल्याचा हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि पावणेतीनशेच्या घरातला टनाचा दर ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. म्हणजे दोन माणसांचे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये, आणि वाढे विकून आले तर वरचे थोडे. एका दिवसाचा खाडा झाला तर मात्र पाचपाचशे रुपये कापल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. पाचसहा महिन्यांच्या हंगामात जाण्यायेण्याचे दोनचार दिवस मजुरीत धरल्याने कोणता कारखाना बुडेल? राहिली स्वखुशीची गोष्ट. दिवाळीपूर्वी घरात बाजरी संपलेली, सावकाराचे तोंड चुकवीत फिरणारा माणूस, त्याच्यापुढे रोख रक्कम ठेवली तर तो ती खुशीनेच घेतो. तहानलेला पाणीही खुशीनेच पितो.

पाण्यावरून आठवले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यापासून खोऱ्यातील पाणी समन्यायाने वाटावे असे ठरले आहे. जायकवाडीत पाणी कमी पडले म्हणजे वरच्या धरणांतून, त्यात भंडारदरा आणि मुळाही आले, खाली पाणी सोडावे अशी मागणी होते. मग कोर्टकचेऱ्या होतात, मोर्चे निघतात. दोन्ही बाजूंना आपापली शेती आहे, आम्ही त्यात न्यायाधीश होत नाही. एवढेच नजरेस आणतो की, वरचे पाणी खाली सोडायचे म्हटले की इतका कज्जा होतो, आणि खालची माणसे दरसाल वर सोडली जातात त्याला कोणाचीच हरकत नसते.

बाईच्या देहावर या सगळ्याचे काय होते ते आता सर्वांना ठाऊक झाले आहे. २०१९ साली गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या निघाल्या. त्याची कारणे अनेक आहेत. प्रवासापुरते पाहावयाचे तर, पोट शिवलेली बाई हंगाम चुकू नये म्हणून पुरती बरी होण्याआधीच ट्रॉलीत चढते. घाटातल्या खड्ड्यांनी तिचे काय होत असेल हे वैद्य लोकांनी सांगावे. आम्हांला बायकांनी सांगितले आहे, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

परतीचा प्रवास निराळा असतो. शेवटची खेप निघाली म्हणजे ट्रॅक्टर सजवतात, गुलाल उडतो, वाजंत्री वाजते, पोरे नाचतात. ज्यांची उचल फिटली ते हसत नाचतात. ज्यांच्याकडे बाकी राहिली तेही नाचतात, कारण घरी तर जायचे असते. बाकी पुढच्या सालावर ओढली जाते, म्हणजे पुढच्या दसऱ्याचा प्रवास या चैत्रातच ठरून जातो. गाडी घाट चढून पुन्हा पाटोद्याच्या माथ्यावर आली की विहिरी आटलेल्या असतात आणि बायका सामान उतरवून आधी पाण्याला जातात.

या सालापासून आमच्या संघटनेने एक लहानसे काम हाती घेतले आहे. टोळ्यांकडे वह्या दिल्या आहेत. सामान बांधून रस्त्यावर येऊन बसल्याची वेळ, वाहनाचा नंबर, निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ, आणि प्रत्येक कोयत्याची दोन नावे, एवढेच लिहायचे. पुढेमागे दाव्यात पुरावा म्हणून या वह्या ठेवता येतील, असा आमचा हेतू. त्या आता एकेक करून परत येऊ लागल्या आहेत. ज्या आल्या त्यांत आमच्याही लक्षात पूर्वी न आलेली एक गोष्ट दिसते आहे. गाडी रस्त्यावर धावल्याचे तास थोडे आहेत. कोपी मोडून, चूल विझवून, पोरे घेऊन गाडीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसल्याचे तास कितीतरी जास्त आहेत. एका वहीत तो आकडा लिहायला रकान्यात जागा पुरली नाही म्हणून बाईने तो समासात लिहिला आहे.